आपल्या डॉग शोचे नियम बदललेत, काय आणि का ते एकदा वाचून घ्या

नमस्कार मंडळी,

मागच्या शोनंतर आम्ही ग्रूमिंगला आणि बोर्डिंगला येणाऱ्या सगळ्या मेंबर्सना एक साधा फॉर्म दिला होता, पुढच्या वेळी काय बदलू ते सांगा म्हणून, आणि आम्हाला वाटलेलं सगळे पार्किंगवरच लिहिणार. पार्किंगवर लिहिलंयच, पण त्याहून जास्त लिहिलंय ते कुत्र्यांबद्दल. ऊन फार होतं, गर्दीत पिल्लू घाबरलं, जजनी काय बघितलं ते कळलंच नाही, आमच्या इंडीने (म्हणजे ठरावीक जात नसलेल्या आपल्या गावठी कुत्र्याने) कुठे उतरायचं. घोडबंदर रोड, कळवा, ऐरोली, नेरूळ, खारघर, सगळीकडचे फॉर्म आम्ही बसून वाचले आणि त्यातूनच नवे नियम केलेत.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण दरवेळी कोणीतरी विचारतंच. आपला शो चॅम्पियनशिप शो नाही. चॅम्पियन किताबासाठी लागणारं चॅलेंज सर्टिफिकेट हवं असेल तर केनेल क्लब ऑफ इंडियाच्या मान्यतेच्या शोमध्येच उतरावं लागतं, 1896 पासूनची संस्था आहे ती, ऑफिस चेन्नईला, तिकडे रजिस्ट्रेशनचे पेपर आणि मायक्रोचिप लागते. आपल्याकडे कागद नसलेला कुत्रासुद्धा येऊ शकतो, आणि इथले नियम आपलेच असल्यामुळे ते बदलणंही आपल्याच हातात आहे.

सगळ्यात मोठा बदल टायमिंगचा. मागच्या वेळी जजिंग लांबत गेलं आणि दुपारी एकच्या सुमारास एका पगला इतकी धाप लागली की त्याची जीभ निळसर दिसायला लागली, बरोबर व्हेट होते म्हणून वेळेत सावरला, पण ती चूक आमची होती आणि ती आम्ही विसरलेलो नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडासा पंजांना येतो तेवढाच, बाकी उष्णता तो मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत धापा टाकूनही म्हणावा तसा थंडावा मिळत नाही. पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू यांची नाकं आखूड, त्यांना तर डबल त्रास. म्हणून आता शो सकाळी 7 ला सुरू, आखूड नाकवाले सगळ्यात आधी, आणि 10:30 ला रिंग बंद म्हणजे बंद, फायनल राहिली तरी पुढच्या रविवारी घेऊ. आणि कधीही कुत्रा असा तापला तर ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आतच अडकते, अंगावर सरळ पाणी ओता, वारा घाला आणि तसंच व्हेटकडे निघा.

पिल्लांचा क्लास आता 3 महिन्यांऐवजी 6 महिन्यांपासून. बऱ्याच जणांचा हिरमोड होणार हे माहितीये, छोटं पिल्लू बघायला सगळ्यांनाच आवडतं. पण आईकडून आलेली अँटीबॉडी पिल्लाच्या अंगात असते तोवर लस नीट लागू होईलच असं नसतं, म्हणूनच तर डॉक्टर साधारण 16 आठवड्यांपर्यंत डोस रिपीट करतात, आणि पार्वोचा, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराचा, व्हायरस जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. असल्या मैदानात अर्धवट लसीकरण झालेलं पिल्लू आणायची रिस्क आम्हाला घ्यायची नाही. रेबीजची लस वर्षाच्या आतली हवी, वॅक्सिनेशन बुक गेटवरच बघणार, मोबाईलमधला फोटो चालणार नाही.

फीमेल हीटवर (माजावर) असेल तर त्या दिवशी रिंगमध्ये नाही, एन्ट्री पुढच्या शोला ट्रान्स्फर करू, पैसे जाणार नाहीत.

आता इंडींबद्दल, ही मागणी सगळ्यात जास्त फॉर्मवर होती आणि ती आधीच पूर्ण व्हायला हवी होती. जातीच्या क्लासमध्ये जज शेजारच्या कुत्र्याशी तुलना करून थांबत नाहीत, त्या जातीचं स्टँडर्ड लिहिलेलं असतं आणि कुत्रा त्याच्या किती जवळ जातो ते बघतात. इंडीला असं स्टँडर्ड लावता येत नाही, म्हणून त्यांच्या नव्या क्लासमध्ये तब्येत, चाल, आणि तुमच्याबरोबर तो किती निवांत आहे एवढंच बघणार. कारवान, मुधोळ वगैरे इंडी नाहीत बरं का, त्या आपल्या देशी जाती आहेत, त्यांचा क्लास वेगळा, आणि मराठवाड्यातून कारवान आणलेले आपले मेंबर आहेत त्यांनी नक्की उतरा.

जजनी काय बघितलं ते आता मराठीत दोन-चार ओळी लिहून मिळेल, चाल कशी, दात कसे, काय छान, काय कमी. दात मालकाने स्वतः उघडून दाखवले तरी चालतील, अनोळखी हात तोंडात गेला की काही कुत्रे बिथरतात.

प्रत्येक विनर व्हेटकडून तपासूनच जाहीर होणार. 2012 मध्ये इंग्लंडच्या क्रफ्ट्स या मोठ्या डॉग शोने काही जातींसाठी हे सुरू केलं तेव्हा पेकिनीज आणि बुलडॉगचे बेस्ट ऑफ ब्रीड, म्हणजे आपापल्या जातीतले विनर, तपासणीत बाद झाले होते, केवढा गदारोळ झाला होता तेव्हा. पण श्वास नीट घेता न येणाऱ्या कुत्र्याला कप देणं आम्हालाही पटत नाही.

चोक चेन आणि काटेरी पट्टा बंद, अंगाला रंग लावलेला चालणार नाही. डॉबरमनचे कान उभे नाहीत म्हणून मार्क कापले जाणार नाहीत, आणि येत्या जानेवारीनंतर जन्मलेल्या पिल्लांचे कान किंवा शेपटी नुसती दिसण्यासाठी कापली असेल तर एन्ट्री घेणार नाही. प्लीज कापू नका.

एक मागणी मात्र मान्य केली नाही, फॅन्सी ड्रेस राऊंडची. फोटो छान येतात हे खरं, पण त्या कपड्यांत त्यांना किती गरम होतं ते आम्ही ग्रूमिंग टेबलवर रोज बघतो.

फी तीच आहे. फॉर्म काउंटरवर मिळतील, सोमवारी आपण बंद असतो. येताना घरची चटई आणि पाण्याचा बाऊल आणा, आणि रिंगच्या दोरीपाशी येऊन तुमचं बाळ मागे सरकायला लागलं तर ओढू नका, टेबलवर येऊन फक्त सांगा, नाव पुढच्या शोला टाकून ठेवतो.