हवा लागली म्हणून रक्त गोठत नाही

"जखम उघडी ठेव, हवा लागली की रक्त थांबेल." गुडघा फोडून घरी आलेल्या प्रत्येकाने हे ऐकलेलं असतं. पण दारात बोट चेपलं की नखाखाली काळंनिळं रक्त साकळतं, तिथे कुठून आली हवा?

उलट उदाहरण पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिसतं. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त टोपण काढून ठेवलं तरी गोठत नाही, कारण आतलं ईडीटीए नावाचं रसायन रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. कॅल्शियम नाही तर गुठळी नाही.

खरी सुरुवात फाटलेल्या रक्तवाहिनीपासून होते. तिच्या अस्तराआडचं कोलॅजन हे धाग्यांसारखं प्रथिन उघडं पडलं की प्लेटलेट्स, म्हणजे रक्तातल्या चिमुकल्या चपट्या पेशी, त्याला चिकटतात, एकमेकींनाही बोलावून घेतात. या असतात तरी किती? रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे मिलिलिटरच्या हजाराव्या भागात, साधारण दीड ते साडेचार लाख! तिकडे रक्तवाहिनीबाहेरच्या पेशींवरचं टिश्यू फॅक्टर हे प्रथिन रक्ताला भिडतं, रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांची साखळी सुरू होते आणि थ्रॉम्बिन हे विकर (एन्झाइम) तयार होतं. ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनापासून फायब्रिनचे चिवट धागे बनवतं. त्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकतात, म्हणून गुठळी लाल.

हवा फक्त वरची खपली वाळवते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दहा मिनिटं घट्ट दाबून धरा. मध्येच उचलून "थांबलं का?" बघू नका, नुकतं विणलेलं जाळं त्यानेच उसवतं.