दीपमाळ (सोलापूर परिसर)

देवळापुढे दिवे लावण्यासाठी उभारलेला दगडी स्तंभ. मराठा काळात, विशेषतः सतराव्या-अठराव्या शतकांत, नवस फेडण्यासाठी दीपमाळ बांधण्याची रीत महाराष्ट्रभर रुजली. समुद्रकाठच्या दीपगृहाचा दिवा काचेआड असतो. दीपमाळेच्या पणत्या मात्र उघड्या वाऱ्यात जळतात.

चौथरा, वर निमुळता होत जाणारा गोल किंवा अष्टकोनी खांब, त्यातून बाहेर आलेले दगडी हात आणि माथ्यावरची खोलगट वाटी हे तिचे भाग. दगड काळा बेसाल्ट, सांधे चुन्याचे. हात वीतभरच बाहेर दिसतो, पण त्याचे शेपूट खांबात खोलवर असते आणि वरच्या थरांच्या भाराने दाबून राहते. ते आखूड ठेवले की हात निखळतो, कारण चढायच्या पायऱ्याही हेच हात असतात.

मुख्य दिवस त्रिपुरारी पौर्णिमेचा. पंढरपुरात कार्तिकी एकादशीसाठी आलेले वारकरी गोपाळकाल्यापर्यंत थांबतात, तीच ही पौर्णिमा. आधी माथ्यावरचा काकडा पेटवतात, मग खाली उतरत एकेक पणती. खालून सुरुवात केली तर उतरताना कपडे पेट घेतात. पणती काठोकाठ भरू नये. वाऱ्याने ज्योत कलते आणि ओघळलेले तेलही पेटते.

सोलापूर हा करडईचा मुलूख, म्हणून दिव्यातही करडईचे तेल आले. त्यात लिनोलिक आम्ल भरपूर असल्याने सांडलेले तेल हवेत सुकून चिवट थर धरते, त्यावर काजळी आणि धूळ बसते. तो तासणीने खरवडू नये, दगडाची घडाई जाते. पणतीखाली मातीचे ताटले ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

खरा धोका पायाखाली आहे. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर दीपमाळ हळूहळू कलते. मे महिन्यात आणि पुन्हा सप्टेंबरात एकाच खुणेवरून ओळंबा सोडून अंतर मोजावे. फरक दरवर्षी वाढत असेल तर आधी चौथऱ्याभोवतीचे पाणी वळवावे. सांध्यांत सिमेंट भरण्याची घाई बहुतेक ठिकाणी होते आणि ती चुकीचीच आहे: ओल आत कोंडते, लोखंडी कांबी असतील तर त्या गंजून फुगतात आणि दगड फोडतात. दरजा चुन्यानेच भराव्यात. पिंपळाचे रोप उगवले तर कोवळे असतानाच काढावे. मूळ जाड झाल्यावर ओढले तर दगडही सुटतो.