भरती-ओहोटीचा नकाशा : गोव्याच्या भूगोलावरून काल्पनिक प्रदेश रचताना

फासे टाकत, गोष्ट रचत खेळायच्या भूमिका-खेळांत खऱ्या जगाचा नकाशा पहिल्यापासून डोकावत आला आहे. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. त्याच्या दोन जनकांपैकी गॅरी गायगॅक्स यांनी आपलं ग्रेहॉक हे जग सुरुवातीला उत्तर अमेरिकेच्या नकाशावरच बेतलं होतं. ग्रेहॉक शहर साधारण शिकागोच्या जागी. १९८६ च्या ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’मधलं जग उघड उघड युरोपसारखं आहे. आशियाच्या वाट्याला बहुतेकदा फक्त पेहराव, शस्त्रं आणि राक्षस आले. तिथल्या नद्या आणि शेतं मागेच राहिली.

गोव्याचं तसं होऊ नये म्हणून आमच्या मोहिमेसाठी, म्हणजे सलग चालणाऱ्या खेळासाठी, एकच नियम ठरवला आहे : नावं बदलायची, कारणं ठेवायची. आणि गोव्यात बहुतेक कारणांच्या मुळाशी पाणी आहे.

राजधान्याच बघा. गोव्यावर राज्य करणारे कदंब राजे आधी कुशावती नदीकाठच्या चांदरला होते. अकराव्या शतकात ते जुवारीवरच्या गोपकपट्टणला, म्हणजे आजच्या गोवा वेल्ह्याला आले. पुढे जुवारीच्या त्या काठाला गाळ साचला, बंदर मागे पडलं आणि मांडवीकाठचं एळा, म्हणजे आजचं जुनं गोवं, वर आलं. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोंसो द आल्बुकर्कने घेतलं ते हेच शहर. तेही रोगराईने ओस पडलं. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला आला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. खेळात पडक्या शहराला शाप लागलेला असतो. इथे गाळ आणि साथ एवढं पुरतं, आणि माझ्या मते ते शापापेक्षा जास्त भयंकर आहे.

पाण्यानेच सरहद्दही आखली. १५४३ पर्यंत तिसवाडी, बारदेश आणि साष्टी पोर्तुगिजांकडे गेले. जुवारीपलीकडचा अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका, मात्र आदिलशाहीत होता. देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी देव उचलले आणि नदी ओलांडली. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोलीतल्या नार्व्याला गेला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. अंत्रुज पोर्तुगिजांच्या ताब्यात आला तो थेट १७६३ मध्ये, आणि तोवर धोरण निवळलं होतं, म्हणून ती देवळं टिकली. आपल्या खेळातल्या बहुतेक देवता एका जागी खिळलेल्या असतात. घर सोडावं लागलेला देव आणि पिढ्यान्‌पिढ्या नदी ओलांडून त्याच्याकडे येणारे महाजन, म्हणजे देवळाची मानकरी कुळं, यांच्यासाठी तयार पुस्तकात नियम सापडत नाहीत; ते आपणच लिहायचे.

आता खाजन. नकाशावर हा नुसता हिरवा पट्टा दिसतो, पण सगळी गंमत तिथेच आहे. खाडीकाठची जमीन भरतीच्या पातळीच्या खाली, खारं पाणी अडवायला चिखल-दगडाचे बांध, आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारं. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दार मिटतं. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. पाणी निघताना तोंडाशी जाळं लावून मासळी धरतात. आत खारेपणा सोसणारं कोरगुट भात. बांध एकट्याने राखता येत नाही, म्हणून गांवकरी लागते : सामाईक जमीन, सामाईक खर्च. या पद्धतीची नोंद पोर्तुगिजांनी १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, केली, म्हणजे ती त्यांच्या आधीची. बांध फुटला की शेतात खारं पाणी घुसतं आणि पुढची पिकं बुडतात. ड्रॅगनशिवाय एवढा मोठा धोका मला दुसरीकडे सापडलेला नाही.

युद्धातही पाणीच मध्ये येतं. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे बेटावरचा किल्ला घेतला, आणि राजधानी तिथून हाकेच्या अंतरावर होती. म्हणून आमच्या लढायांत प्रत्येक फेरीला भरती-ओहोटी मोजली जाते.

अद्भुतासाठी बाहेर जायची गरज नाही. गावाची सीम राखत रात्री फिरणारा देवचार आणि वारुळात वसणारी देवी सांतेरी आजही लोकांच्या श्रद्धेत आहेत. त्यांना मारून गुण मिळवायचे राक्षस करू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्याशी करार करता येतो, तो मोडता येतो, एवढं पुरे.

इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाबद्दलही (१५६० ते १८१२, मधला थोडा काळ सोडून) जपून. टेबलाभोवती एकाची कुलदेवता कवळ्याला असते, शेजारच्याचे पूर्वज केळशीलाच राहिले आणि ख्रिस्ती झाले. मूळ गाव एकच असू शकतं. म्हणून आमच्या नकाशावर नदीपलीकडे दुष्ट जमात नाही. दोन्ही काठांवर एकाच गावची माणसं आहेत, आडनावं वेगळी, आणि जुन्या बांधावर दोघांचाही हक्क. पावसाळ्याआधी तो बांध कोणी दुरुस्त करायचा, या भांडणापासून पहिली मोहीम सुरू होते.