फिरत्या पात्याला वेसण

दिवाळीच्या आठवड्यात ओट्यावर एक हत्यार हमखास येतं, ते म्हणजे कातणं. पितळेची मूठ आणि टोकाला नागमोडी कडेचं छोटं चाक. करंजीची कड त्यानेच कातायची, शंकरपाळे त्यानेच पाडायचे. तेच काम सुरीने करून बघा. पातळ लाटलेली पारी सुरीमागे ओढली जाते, तिला चुण्या पडतात, कड फाटते. चाक मात्र पारीवरून घरंगळत जातं. हात जेवढा पुढे सरकेल तेवढीच चाकाची कड फिरते, त्यामुळे पारी आणि पातं यांची घसट होतच नाही. वरून दाब येतो आणि पारी तुटते, एवढंच.

हातात धरून वापरायच्या फिरत्या पात्यांमध्ये याहून साधं काही नसेल. आणि त्याचा सगळ्यात मोठा गुण असा की त्याला स्वतःचा वेग नाही. हात थांबला की चाक थांबलं. पुढे माणसाने पात्याला दोरी जोडली, मग मोटर जोडली, आणि हा गुण घालवला. तो या ना त्या वाटेने परत मिळवायची जी खटपट झाली, तोच या हत्यारांचा खरा इतिहास आहे, असं मला वाटतं. पातं फिरवणं कधीच फार अवघड नव्हतं.

कातण्याची वाट न सोडता पुढे गेलेलं हत्यार जपानचं. ओसाकाच्या योशिओ ओकादा यांनी 1956 साली तुकडे मोडत जाणारं पातं काढलं. आपल्याकडे कागद-पुठ्ठा कापायला जो सरकता कटर सर्रास वापरतात, त्याचं मूळ हे. चांभार काच फोडून तिच्या ताज्या धारेने कातडं तासत, आणि चॉकलेटची वडी खाचांवर मोडते, या दोन गोष्टींवरून त्यांना ते सुचलं असं सांगतात. जपानीत ‘ओरु’ म्हणजे मोडणं आणि ‘हा’ म्हणजे पातं. त्यावरून कंपनीचं नाव ओल्फा. याच कंपनीने 1979 साली रोटरी कटर आणला. हा म्हणजे वस्तऱ्याच्या धारेचं कातणंच म्हणायचं. आज 18, 28, 45 आणि 60 मिलिमीटर व्यासाची पाती मिळतात, त्यांत 45 ची सगळ्यात जास्त चालते.

कटर आला कपडे शिवणाऱ्यांसाठी, पण उचलून धरला तो अमेरिकेतल्या क्विल्ट शिवणाऱ्या बायकांनी. क्विल्ट म्हणजे आपल्या गोधडीची लांबची बहीण, फक्त तिच्यात तुकड्यांची भूमिती फार काटेकोर. पूर्वी पुठ्ठ्याचा साचा ठेवायचा, पेन्सिलीने आखायचं आणि कात्रीने एकेक तुकडा कापायचा. रोटरी कटर, जाड पारदर्शक पट्टी आणि खाली ओरखडे जिरवणारी चटई अशी त्रयी जमली, आणि कापडाचे चार-सहा थर एकदम सरळ कापता येऊ लागले. आठवड्याचं काम संध्याकाळीत बसू लागलं.

या कटरमध्ये पात्याच्या फिरण्यावर ताबा ठेवणारी वस्तू म्हणजे मागचा एक नट. तो फार आवळला तर चाक फिरत नाही, घसटत जातं, आणि धार एकाच जागी मरते. मग प्रत्येक फेऱ्यात त्या जागेपुरते कापडाचे धागे तुटायचे राहतात. नट सैल राहिला तर पातं डुगडुगतं आणि रेघ वाकडी जाते. दुसरा प्रश्न बोटांचा. सुरीला पाठ असते, गोल पात्याला पाठ नाही. ते कसंही पडलं तरी धारेवरच पडतं. म्हणून त्याला सरकतं झाकण आलं, आणि पुढे मूठ आवळली तरच पातं बाहेर येईल, हात सैल पडला की आत जाईल, अशी मूठ आली. कातण्याचाच नियम: हात आहे तोवर धार आहे.

मोटरच्या बाजूची गोष्ट उसाच्या फडात सुरू होते. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड मिशेल यांनी ऊसतोडीचे मजूर कोयत्याने घाम गाळताना पाहिले आणि कोयत्यालाच मोटर बसवायचं मनावर घेतलं. मोटर काढली ती दूध घुसळायच्या यंत्रातून, आणि कोयत्याच्या टोकाला लावलं करवतीचं छोटं गोल पातं. ऊस काही त्या यंत्राने तुटला नाही. (ऊस अजूनही कोयत्यानेच मोठ्या प्रमाणावर तुटतो, हे बीड-अहिल्यानगरच्या टोळ्यांना वेगळं सांगायला नको.) पण 1924 साली शिकागोत मिशेल यांच्या नावाने कंपनी निघाली, तिची हातकरवत लाकूडकामात शिरली आणि तीच पुढे स्किलसॉ म्हणून ओळखली जाऊ लागली. पातं लाकडात शिरताना मागे सरणारं आणि बाहेर येताच स्प्रिंगने परत पात्यावर बसणारं झाकण आज अशा प्रत्येक करवतीला असतं.

जर्मनीत 1954 साली आकरमान अँड श्मिट या कंपनीने धातू घासायचा-कापायचा वेगवान अँगल ग्राइंडर काढला. त्यांच्या ‘फ्लेक्स’ या छापावरून जर्मन भाषेत ग्राइंडरने कापण्याला क्रियापदच रूढ झालं. आपल्याकडे फॅब्रिकेशनच्या दुकानात याला ग्राइंडर म्हणतात, नाहीतर नुसतं कटर. चार इंची चकती मिनिटाला अकरा हजार फेरे घेते, म्हणजे तिची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे पळते. कापताना फट दोन्ही बाजूंनी मिटली आणि चकती तिच्यात पकडली गेली की तो सगळा वेग उलटा ग्राइंडरमध्ये येतो आणि ग्राइंडर धरणाऱ्याच्या अंगावर उसळतो. चकती फुटली तर तुकडे त्याच वेगाने सुटतात. म्हणून अर्धगोल गार्ड असतो. दुकानात तो बहुधा काढून कोपऱ्यात टाकलेला दिसतो, कारण अडचणीच्या कोपऱ्यात गार्ड आड येतो. चकती काढून तिथे लाकडाचं दातेरी पातं लावणारेही पाहिलेत. त्यांना काही सांगायला गेलं की ते हसतात.

इथे वेसण घालायचे उपाय सावकाश आले: सोडलं की बंद होणारं बटण, बटण सोडल्यावर चकती बराच वेळ गरगरत राहू नये म्हणून ब्रेक, आणि अलीकडे चकती एकाएकी अडल्याचं ओळखून वीज तोडणारं इलेक्ट्रॉनिक्स. सगळे चांगले, पण सगळे बाहेरून लावलेले. पातं मुळात आपल्याच मस्तीत फिरत असतं.

मला जास्त रस आहे तो वैद्यकातल्या हत्यारांत, कारण तिथे पात्याच्या पलीकडे माणूसच असतो. सुश्रुताच्या वीस शस्त्रांत मंडलाग्र आहे, करपत्र म्हणजे करवत आहे. पण मंडलाग्राचं टोक गोल असतं, ते फिरत नाही. फिरतं हत्यार ठळकपणे भेटतं ते ग्रीकांकडे, आणि तेही कवटीवर. मार लागून कवटी खचली किंवा तडकली की तिला भोक पाडत. हत्यार आपल्या सुताराच्या सामत्याच्या जातीचं: दोरी किंवा धनुकलीने फिरणारा दांडा आणि टोकाला दातेरी कडं. हिपॉक्रेटसच्या नावावर असलेल्या डोक्याच्या जखमांवरच्या ग्रंथात दोन सूचना आहेत. हत्यार वरचेवर बाहेर काढून थंड पाण्यात बुडवा, नाहीतर फिरून तापलेलं कडं हाड जाळेल. आणि भोक कुठवर आलं ते सळईने तपासत राहा. अडीच हजार वर्षांपूर्वी वेग, उष्णता आणि खोली या तिन्ही अडचणी कागदावर आल्या होत्या.

खोलीची अडचण जिवावरची. कवटीखाली लगेच मेंदूचं आवरण. हाड संपलं की हाताचा दाब तसाच राहतो आणि हत्यार आत घुसतं. त्यावर रोमन काळातल्या गेलन या वैद्याने ज्याचा उल्लेख केला आहे ते हत्यार म्हणजे ‘अबाप्टिस्टॉन’, शब्दशः ‘न बुडणारं’. टोकापासून थोड्या अंतरावर दांड्याला बाहेर आलेलं कडं असे, ते हाडाला टेकलं की हत्यार पुढे जात नसे. उपाय चोख, फक्त कवटी सगळ्यांची आणि सगळीकडे सारख्या जाडीची असायला हवी होती. पुढे शंकूच्या आकाराची कडी आली, ती वर रुंद होत गेल्याने आपोआप अडत. तरी खरी भिस्त शल्यविशारदाच्या मनगटावरच.

पॅरिसचे शल्यविशारद थिएरी द मार्तेल यांनी 1908 साली ही भिस्त मनगटावरून काढून यंत्रावर टाकली. त्यांचं छिद्रक मोटरवर चालायचं आणि कवटीतून आरपार जाताच आपोआप सुटं होऊन थांबायचं. आज शस्त्रक्रियागृहात वापरतात त्या छिद्रकाचं तत्त्व समजायला सोपं आहे. टोक दोन भागांचं असतं, आत एक आणि बाहेर एक. आतला भाग हाडाला टेकून दाबला गेला तरच तो मागे सरकून क्लचमध्ये अडकतो आणि फिरतो. पलीकडे मऊ आवरण लागलं की मागे दाबणारं हाडच उरत नाही. आतला भाग स्प्रिंगने जरासा पुढे येतो, क्लच सुटतो. मोटर चालूच असते, पातं मात्र उभं राहतं. ज्याला कापायचं त्याच्याच कडकपणावर पात्याचं फिरणं टांगलेलं आहे, ही कल्पना मला कातण्याइतकीच देखणी वाटते. द मार्तेल यांचा शेवट मात्र करुण झाला. 14 जून 1940 रोजी जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि त्याच दिवशी त्यांनी स्वतःचा जीव घेतला.

तिसरी वाट म्हणजे पात्याला पूर्ण फेरा घेऊच न देणं. ती सापडली प्लास्टर काढताना.

हाड मोडल्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या गुंडाळायची पद्धत डच लष्करी शल्यविशारद आंटोनियस मॅथायसेन यांनी 1851-52 मध्ये घालून दिली. घालणं सोपं, काढणं कठीण. जाड कात्र्या, हातकरवती, सुऱ्या, सगळं वापरून झालं. प्लास्टर भिजवून मऊ करायचे उपायही होते. मोटरची गोल करवत वापरावी तर आत कापूस आणि कापसाखाली कातडी, मध्ये अंतर नखाएवढं.

अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलामझूचे अस्थिशल्यविशारद होमर स्ट्रायकर यांना हत्यारं जुळवायचा नाद होता. त्यांनी 1945 साली अर्ज केलेलं पेटंट 1947 साली मंजूर झालं. त्यांच्या यंत्रात मोटर गरगर फिरते, पण तिच्या दांड्यावर केंद्र सोडून बसवलेला भाग असतो. त्यामुळे गोल पातं फेरा न घेता एका जागी डावी-उजवीकडे जरा जरा हलत राहतं, मिनिटाला हजारो वेळा. दिसायला ते फिरतंय असंच वाटतं.

हे कातडी का कापत नाही? प्लास्टर कडक आहे. दाते हलले तरी ते हलत नाही, म्हणून दाते त्यावर घासतात आणि ते कापलं जातं. कातडी मऊ आणि सैल आहे. दाते जेवढे इकडेतिकडे जातात तेवढी ती त्यांच्याबरोबर जाते, दोघांत घसट होत नाही. पुन्हा तोच करंजीच्या पारीचा हिशेब.

हिशेबाला अपवाद आहेत. घोट्याच्या हाडावर कातडी ताणलेली असते, ती पात्याबरोबर सरकत नाही. तिथे, किंवा कापूस पातळ बसला असेल तिथे, ओरखडा उठू शकतो. म्हणून तंत्रज्ञाला पहिली शिकवण असते की पातं ओढायचं नाही. दाबायचं, पलीकडे हात हलका लागला की उचलायचं, पुढे ठेवायचं, पुन्हा दाबायचं. दुसरी शिकवण पातं तापू न देण्याची, मध्ये थांबून त्याला हात लावून बघण्याची. फायबर ग्लासच्या कास्टवर पातं जास्त तापतं आणि तक्रार कापण्यापेक्षा भाजण्याची येते. ग्रीकांनी पाण्यात बुडवायला सांगितलेलं कडं आठवतं ना, तीच गोष्ट.

लहान मुलांना यातलं काही पटत नाही. त्यांना फक्त आवाज ऐकू येतो, आणि तो भयंकर असतो. माझ्या भाच्याच्या मनगटाचं प्लास्टर काढलं त्या दिवशी त्याने आख्खा बाह्यरुग्ण विभाग डोक्यावर घेतला होता. प्लास्टर काढणाऱ्या काकांनी चालू पातं स्वतःच्या तळहाताला टेकवून दाखवलं. “बघ, गुदगुल्या होतात.” भाचा क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, “तुमचा हात मोठाय.”

स्ट्रायकर यांच्या कंपनीला 1964 साली त्यांचंच नाव मिळालं आणि आज ती वैद्यकीय उपकरणांतली जगातली मोठी कंपनी आहे. दरम्यान, विजेवर चालणारं हातड्रिल 1895 साली काढणाऱ्या स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने 1967 मध्ये प्लास्टरची अशीच करवत केली आणि तिच्याच पोटातून पुढे कारागिरांसाठी हलत्या पात्याचं हत्यार निघालं. पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्यांनीही ते धडाधड आणलं. आता फर्निचर करणारे मिस्त्री त्याला मल्टी कटर म्हणतात. बसवलेल्या चौकटीचा खालचा अर्धा इंच, खाली फरशी न दुखवता काढायचा असला की ग्राइंडर बाजूला ठेवून ते पिशवीतून हे काढतात.