मामा तलाव (पूर्व विदर्भातले माजी मालगुजारी तलाव)

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे इंग्रजांच्या काळात मालगुजाराच्या (गावाची मालकी मिळालेल्या वसुलीदाराच्या) नावावर असलेले, सरकारी कागदावर 'मा.मा.' लिहायचे तेच लोकांच्या तोंडी बसलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा पट्टा, थोडक्यात वैनगंगेच्या खोऱ्यात हे तलाव पसरलेत, सगळे मिळून साडेसहा हजारांच्या वर. काही नवेगावबांधसारखे डोंगरांच्या मधे समुद्रासारखे पसरलेले आणि बरेचसे गावाच्या टोकाला असलेल्या साध्या बोडीएवढे, म्हणजे लहान तळ्याएवढे. इथलं जंगल, धानाची शेती, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचा धंदा, सारस पक्षी, एवढंच काय दिवाळीनंतरची झाडीपट्टीची (या भागालाच झाडीपट्टी म्हणतात) नाटकं सुद्धा या पाण्याच्या आधाराने उभी राहिली आहेत. बाहेरून आलेला माणूस हा भाग बघून 'काय सुंदर निसर्ग आहे' म्हणतो, तो आहेच सुंदर, पण त्यातला खूप मोठा भाग माणसांनी पिढ्यान् पिढ्या हातांनी घडवलेला आहे हे माहीत असायलाच पाहिजे.

आधी जमिनीचं समजून घेऊ. पश्चिम विदर्भात बेसाल्ट खडक, काळी माती, कापूस. पूर्वेला आलं की खडकच बदलतो, जुने ग्रॅनाइट-नाइससारखे कठीण खडक, त्यात पाणी फारसं मुरत नाही, विहिरींना झरे कमी. पाऊस मात्र भरपूर, साधारण 1300-1400 मिलिमीटर, पण तो सगळा चार महिन्यांत येतो आणि उतारावरून वैनगंगेकडे पळून जातो. मातीला इथले शेतकरी कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बर्डी अशी नावं देतात, यातली कन्हार म्हणजे जड काळी, आणि सिहार पिवळसर, रेतीमिश्रित, धानाला चांगली पण पाणी धरून ठेवणारी नाही. म्हणजे पीक धानाचं घ्यायचं, ज्याला पाणी उभं लागतं, आणि पाऊस सप्टेंबरमध्ये दगा देऊन गेला की लोंब्या भरायच्या वेळीच बांधी (धानाचं बांध घातलेलं शेत) कोरडी. तलाव या एका अडचणीतून आले. लहान लहान डोंगर, त्यांच्यामधे अरुंद खिंडी आणि खाली पसरट उतार ही जमिनीची ठेवणच अशी आहे की खिंडीत एक पाळ, म्हणजे मातीचा बांध, घातली की वरचं पाणी अडतं आणि खालची जमीन भिजते.

हे काम ज्यांनी पराकोटीला नेलं तो कोहळी समाज. चांद्याच्या म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांना सोबत आणलं अशी परंपरा सांगतात, ते खरं असो नसो, पण उतार नुसत्या डोळ्याने ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरत नव्हता हे इंग्रज अधिकाऱ्यांनी सुद्धा लिहून ठेवलंय. गोंड राजांचं धोरणही फार शहाणपणाचं होतं. हीरशहा राजाच्या नावाने सांगतात की जंगल तोडून जो शेती करेल त्याला त्या जमिनीची सनद आणि जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाने भिजेल तेवढी जमीन. यात राजाला खजिन्यातून एक पैसा घालावा लागला नाही आणि बांधणाऱ्याला तलाव चांगला बांधण्यातच फायदा, कारण पाळ जितकी नेमकी तितकी भिजणारी जमीन जास्त. तलाव बांधण्याच्या बदल्यात मिळालेल्या अशा जमिनीला तुकूम म्हणत, चंद्रपूर शहरातला एक मोठा भाग आजही याच नावाचा आहे.

नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, त्यांच्याच कृपेने पाळ टिकली अशी श्रद्धा, आणि खुद्द कोलू पाटील मेल्यावर कोलासूर देव झाला, त्याचं ठाणं तिथल्याच एका टेकडीवर आहे. इथे जरा थांबून बघा, एका माणसाने डोंगर बघून पाणी अडवलं, मग त्या पाण्यावर गाव जगलं, मग गावाने त्या माणसाला त्याच डोंगरावर देव करून बसवलं. पुढे 1975 मध्ये याच तलावाभोवती राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, म्हणजे आपण ज्याला वन्यजीवांचं घर म्हणून जपतोय त्याच्या मधोमध असलेलं पाणी शेतकऱ्यांनी धानासाठी साठवलेलं आहे.

बांधणी दिसायला साधी. मातीची पाळ, पाण्याच्या बाजूने दगडांची पिचिंग, जास्तीचं पाणी जायला कडेला सांडवा, आणि पाणी सोडायला तुडूम. तुडूम ही खरी बघण्यासारखी गोष्ट. पाळीच्या आतल्या अंगाला उभी रचना, तिला वरपासून खालपर्यंत एकाखाली एक भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडी बूच. तलाव भरलेला असताना वरचं बूच काढायचं, पाणी उतरलं की त्याच्या खालचं, म्हणजे नेहमी वरच्या थराचंच पाणी थोड्या दाबाने बाहेर पडतं, पाटाला जोर बसत नाही, पाळ धसत नाही. वरच्या तलावाचा सांडवा बहुतेक वेळा खालच्या तलावात जातो, अशी साखळीच असते, त्यामुळे वरच्या गावाने सांडव्याची उंची मनाने वाढवली तर खालचं गाव भांडायला येणारच, आणि म्हणूनच या गावांना एकमेकांशी बोलून राहावं लागलं. पाटावरचं पाणी कोणाच्या बांधीत आधी, किती, रात्री कोण राखणार हे सगळं ठरलेलं. उन्हाळ्यात तलाव उतरला की तळाचा गाळ बैलगाडीने काढून बांध्यांत टाकायचा, याने तलावाची खोली राहायची आणि शेताला खत मिळायचं, आणि वरच्या बाजूला पाणी ओसरलेल्या ओलीवर रब्बीचं पीक निघायचं. वरचं जंगल राखणं सुद्धा याच हिशोबात, कारण ते तुटलं की पहिल्याच पावसात माती तलावात.

धानाच्या वेळापत्रकाने माणसांचं वर्ष बांधून टाकलं. पऱ्हे (रोपं) टाकणं, रोवणी, निंदण, त्याच ओलीत उभ्या धानात फेकलेली लाखोळी (एक कडधान्य), कापणी, आणि हातात पैसा आला की मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती), दंडार (लोकनाट्य) आणि नाटक. झाडीपट्टी रंगभूमीचा सीझन दिवाळी-भाऊबीजेला सुरू होतो तो उगाच नाही, त्याच वेळी धान घरात आलेलं असतं. वडसा म्हणजे देसाईगंजला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, रात्रभर नाटक चालतं आणि गावंच्या गावं बघायला येतात. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला झाडीपट्टीचं नाव कळलं. याच पट्ट्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीत वेगळी दिसलेली लोंबी जपून एचएमटी हे धानाचं वाण तयार केलं. त्यांच्याकडे जमीन जेमतेम होती, पण धानावर पिढ्यान् पिढ्या नजर असलेल्या लोकांतच असा माणूस तयार होतो असं मला मनापासून वाटतं.

सगळं गोड होतं असं मात्र समजू नका. 'मालगुजारी' हे नावच मुळात नंतरचं, इंग्रजांनी 1860च्या दशकात मध्य प्रांतात जमीनबंदोबस्त केला आणि गावाच्या पाटलाला, वसुली करणाऱ्याला मालगुजार म्हणून मालकी दिली, त्याआधीचे तलावही मग त्याच्या नावावर गेले. पाळीवर माती टाकणारे, बेगारीत राबणारे हात गोंड, महार, ढिवर, लहान कुणबी यांचे आणि पहिलं पाणी मालगुजाराच्या उसाला. ही व्यवस्था जायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही.

ती गेली 1951 मध्ये. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता, तिथल्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. 1960 मध्ये महाराष्ट्र झाल्यावर 100 हेक्टरपेक्षा जास्त सिंचनाचे तलाव पाटबंधारे खात्याकडे आणि लहान जिल्हा परिषदेकडे अशी वाटणी झाली. गावाच्या 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तात कोणाचा किती पाण्यावर, माशांवर, गवतावर हक्क आहे ते लिहिलेलं होतं, पण पाळ फुटली तर कोण जाणार हा प्रश्न आता खात्याचा झाला, आणि खात्याकडे एवढ्या तलावांना पुरतील एवढी माणसं ना पैसे. मालगुजार गेला हे चांगलंच झालं, पण त्याच्यासोबत गाळ काढायची पद्धत, पाटाची राखण, दोन गावांचं बोलणं हे पण गेलं आणि त्याच्या जागी गावाला काहीच दिलं नाही. खरी चूक इथे आहे, मालकी काढून गावाला दिली असती तर चित्र वेगळं असतं. नंतर इटियाडोह, गोसीखुर्द असे मोठे प्रकल्प आले, गोसीखुर्दचं भूमिपूजन 1988 चं, सगळा पैसा आणि लक्ष तिकडे गेलं.

तलाव मग उथळ होत गेले. पोटात अतिक्रमण, वरून माती, कडेने बेशरमचं रान, जी वनस्पती दक्षिण अमेरिकेतून आलेली आणि गुरंही खात नाहीत. मासेमारीची लीज सहकारी सोसायट्यांना मिळाली पण तलावात कटला-रोहूचं बीज टाकायचा प्रघात पडला, गवत्या मासा आला तो पाणवनस्पती खातो, आणि मरळीसारखे देशी मासे कमी झाले. पाणवनस्पती गेल्या की फक्त मासे जात नाहीत. देवधान म्हणजे तलावाच्या कडेला आपोआप उगवणारा जंगली धान, कमळाचे कंद, शिंगाडे, हे सगळं ढिवर बायकांच्या टोपलीतलं अन्न होतं, आणि तिथेच पाणपक्ष्यांची घरटी. सारसचं तर काय सांगावं. महाराष्ट्रात हा पक्षी गोंदिया आणि लगतच्या थोड्या भागापुरताच उरलाय, दिवसा धानाच्या बांधीत चरतो, तिथेच घरटं करतो, मुक्कामाला तलावावर जातो, म्हणजे तो पूर्णपणे या शेतीवर जगतो. शेतकऱ्याने घरट्याभोवतीचा धान थोडा उशिरा कापला तर पिल्लं वाचतात, कीटकनाशक जास्त फवारलं किंवा विजेच्या तारा आडव्या आल्या तर मरतात. गोंदियात कितीतरी शेतकरी घरटं असलेला कोपरा राखून ठेवतात, ही फार मोठी गोष्ट आहे.

गेल्या काही वर्षांत सुधारणा सुरू आहे. जलयुक्त शिवार आणि 2017 ची गाळमुक्त धरण-गाळयुक्त शिवार योजना यातून गाळ निघाला, पण जेसीबी लावून तलावाचं पोट नुसतं सपाट खोल खणलं तर उथळ कडेच्या वनस्पती आणि त्यात अंडी घालणारे मासे संपतात, हे ढिवरांना विचारलं असतं तर त्यांनी आधीच सांगितलं असतं. गोंदियातल्या अर्जुनी मोरगाव भागात याच ढिवर समाजातल्या बायकांनी बेशरम उपटून तलावात देशी पाणवनस्पती परत लावल्या, मासे आणि पक्षी दोन्ही वाढले. दुसरीकडे वनहक्क कायदा 2006 नुसार गावांना जंगलातल्या पाण्यावर आणि मासेमारीवर सामूहिक हक्क मागता येतो, गडचिरोली-गोंदियातल्या ग्रामसभांनी सामूहिक वनहक्क मिळवलेत सुद्धा. जंगलाबाहेरच्या तलावांची मालकी मात्र अजून खात्यांकडेच आहे आणि पाळ दुरुस्तीसाठी गाव आजही खात्याच्या मंजुरीची वाट बघतं.