ईमेल सर्व्हर स्वतःचा: मेल येणं सोपं, पोचणं अवघड

स्वतःचा ईमेल सर्व्हर चालवतो म्हटलं की पहिला प्रश्न येतो: रात्री वीज गेली, मशीन बंद पडलं, तर येणारे मेल हरवणार नाहीत का? सहसा नाही. पाठवणाऱ्या सर्व्हरला तुमचं मशीन सापडलं नाही, तर तो मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. किमान ४-५ दिवस त्याने नाद सोडू नये, असं नियमावलीच सांगते. पोस्टफिक्स आणि डव्हकॉट ही दोन मोफत सॉफ्टवेअरं नीट बसवली की मेल स्वीकारण्याचं आणि वाचण्याचं काम वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं.

खरी कसोटी लागते ती मेल पाठवताना. त्याचं मूळ एसएमटीपीमध्ये, म्हणजे मेल पोचवण्याच्या पद्धतीतच आहे.

दोन सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात ते पाहा. पाठवणारा समोरच्याच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे मेलसाठी ठरलेल्या दारावर जातो. समोरून ‘२२०’ येतं, म्हणजे बोला. पाठवणारा आपलं नाव सांगतो. उत्तर ‘२५०’, ठीक. मेल कुणाकडून? ‘२५०’. कुणाला? ‘२५०’. मग ‘३५४’ आलं की मजकूर सुरू, आणि एका ओळीवर नुसता एक टिंब आला की मजकूर संपला. या मूळ संवादात ‘तू तोच कशावरून?’ हे कुणी विचारतच नाही. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये ही पद्धत लिहून काढली, तेव्हा जाळ्यावर जेमतेम काही शे संगणक होते, तेही बहुतेक विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे. तिथे खोटं नाव सांगणार कोण?

स्पॅमचा पूर आल्यावर ठिगळं लावावी लागली. माझ्या डोमेनचे (ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाचे) मेल कोणत्या आयपी पत्त्यांवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या कोणत्या मशीन-क्रमांकांवरून निघू शकतात, हे एसपीएफ जाहीर करतं. डीकेआयएम प्रत्येक मेलवर डिजिटल सही करतं. दोन्ही तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे आहेत. मी म्हणेन, दिवसाला दोन मेल पाठवणाऱ्यानेही तिन्ही लावावेत.

एवढं करूनही मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो, कारण आयपी पत्त्याला पत असते आणि ती विकत मिळत नाही. भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचा पत्ता आधी एखाद्या स्पॅमरकडे असेल, तर जुन्या भाडेकरूची उधारी नव्याच्या दारात यावी तसं होतं: पत्ता स्पॅमहाउससारख्या संस्थेच्या ब्लॉकलिस्टमध्ये, म्हणजे बदनाम पत्त्यांच्या यादीत, आधीच नोंदलेला सापडतो. घरच्या ब्रॉडबँडवर तर बहुधा नादच सोडावा. पोर्ट २५ अनेकदा बंद असतो, आणि आपल्याकडे पुष्कळदा एकाच आयपी पत्त्यामागे कित्येक घरं असतात. सगळ्यात त्रासदायक म्हणजे, समोरचा सर्व्हर ‘२५०’ म्हणून मेल घेतो आणि गुपचूप स्पॅममध्ये टाकतो. नकार आला असता तर निदान कारण तरी कळलं असतं.

म्हणून मला मधला मार्ग पटतो. डोमेन स्वतःचं, येणारा मेल आपल्याच सर्व्हरवर, आणि जाणारा मेल चांगली पत असलेल्या रिले सेवेतून, म्हणजे आपला मेल स्वतःच्या सर्व्हरवरून पुढे पोचवणाऱ्या कंपनीतून. वाचलेले आणि साठवलेले मेल आपल्याच डिस्कवर राहतात. उद्या रिलेवाल्याशी पटलं नाही, तर पोस्टफिक्समधली एखाद-दुसरी ओळ आणि डीएनएसमधल्या (डोमेनच्या जाहीर नोंदवहीतल्या) एसपीएफ-डीकेआयएमच्या नोंदी बदलल्या की काम झालं; लोकांकडचा तुमचा पत्ता तोच राहतो.