मेणाच्या सिलिंडरचा वेग कोणता? : पार्श्वभूमी

पुण्यातल्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या श्रवणसभांना सवय आहे ती तबकड्यांची. नाट्यपदं, ख्याल, ठुमऱ्या, लावण्या. लेबलाच्या रंगावरून काळ सांगणारे श्रोते या शहरात आजही भेटतात. पण तबकडीच्याही आधीचं, मेणाच्या सिलिंडरवरून उतरवून घेतलेलं गाणं अशा सभेत वाजलं की मध्यंतरात एक वाद हटकून उभा राहतो: हे वाजवलं कोणत्या वेगाने? प्रश्न यंत्राचा वाटतो, पण याच एका निर्णयावर गायकाची पट्टी (त्याचा सा कोणत्या सुरावर आहे ते), पदाची लय आणि कधीकधी गाणारा कोण होता हेसुद्धा ठरतं.

एडिसनचं १८७७ चं फोनोग्राफ यंत्र आणि त्यावरचा कथलाचा पत्रा सर्वांना ठाऊक आहे. त्या पत्र्यावरचा आवाज काही वेळा वाजवला की संपायचा, त्यामुळे संगीताच्या दृष्टीने त्याचा उपयोग नव्हता. खरी सुरुवात १८८८ च्या सुमारास झाली. तेव्हा संपूर्ण तपकिरी मेणाचे, आतून पोकळ सिलिंडर आले. त्याआधी आठ वर्षं, १८८० मध्ये, पुण्यात संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग झाला होता. म्हणजे संगीत नाटकाची पहिली पिढी ऐन भरात गात होती आणि तिचा आवाज पकडू शकेल असं यंत्र जगात आलेलं होतं. तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण करणारं परदेशी पथक मात्र हिंदुस्थानात उतरलं ते १९०२ च्या अखेरीस, आणि तेही कलकत्त्याला. किर्लोस्कर मंडळींतला दिगंत कीर्तीचा गायक नट भाऊराव कोल्हटकर त्याआधीच, १९०१ च्या फेब्रुवारीत गेला. त्याचा किंवा त्याच्या पिढीतल्या इतर दिवंगतांचा आवाज कुठे उरला असेलच, तर तो सिलिंडरवर. तबकडीवर तो असूच शकत नाही. मराठी माणसाला सिलिंडरची ओढ का वाटते याचं उत्तर या तारखांत आहे.

सिलिंडरची दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो घरी मुद्रित करता येत असे. तबकडी घेणारा फक्त श्रोता असायचा. फोनोग्राफ घेणारा मात्र पडदा आणि सुई बदलून, कोरा सिलिंडर चढवून, कर्ण्यासमोर कोणालाही बसवून गाणं उतरवू शकत होता. नको झालेलं मुद्रण पातळ तासून काढलं की तोच सिलिंडर पुन्हा वापरता येई. त्यामुळे संस्थानिक, वकील, पेढीवाले अशा ऐपतदार घरांतले सिलिंडर हे कारखान्याचा माल नसून खाजगी दप्तर असतात. त्यांच्यावर लेबल नसतं. माहिती असलीच तर डबीच्या झाकणावर किंवा आतल्या चिठ्ठीवर, आणि शंभर वर्षांत झाकणांची अदलाबदल झालेली नाही असं एकही घर सापडणार नाही.

व्यापाराचा भाग थोडक्यात. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला कलकत्त्यातल्या एका अत्तर आणि केशतेलाच्या व्यापाऱ्याने देशी सिलिंडर काढून विकले आणि पुढे एका फ्रेंच कंपनीशी जोडून घेऊन तबकड्यांकडे वळले. १९०८ पर्यंत कलकत्त्यात तबकड्यांचा कारखानाच उभा राहिला. तबकडी रचून ठेवता येते, दोन्ही बाजूंनी वाजते, मधोमध नाव छापता येतं. सिलिंडर मागे पडला. अमेरिकेत तो बराच काळ तग धरून होता: १९०८ मध्ये चार मिनिटांचा मेणाचा, १९१२ मध्ये प्लास्टरच्या गाभ्यावरचा निळ्या सेल्युलॉइडचा, आणि १९२९ मध्ये उत्पादन बंद. आपल्याकडच्या गाण्याचा संबंध मुख्यतः पहिल्या, तपकिरी मेणाच्या पिढीशी आहे, आणि वेगाचा घोळही तिथेच आहे.

मिनिटाला १६० फेरे हा आकडा सगळीकडे नियम म्हणून सांगितला जातो. तो नियम आहे, पण १९०२ नंतर साच्यातून काढलेल्या तयार मालाचा. त्याआधीचे सिलिंडर १२०, १२५, १४४ अशा निरनिराळ्या वेगांनी कोरले गेले. घरगुती मुद्रणाला तर १९०२ नंतरही कोणी विचारणारं नव्हतं. वेगाचा स्क्रू वाजवणाऱ्याच्या हाताशीच असे. शिवाय हळू फिरवण्यात फायदा होता. एका इंचात शंभर खाचा असलेला सिलिंडर १६० वर दोन मिनिटांच्या थोडा पुढे जातो, तोच १२० वर पावणेतीन मिनिटांच्या आसपास टिकतो. ज्याला अस्ताई, अंतरा आणि दोन ताना दोन मिनिटांत बसवायच्या आहेत, त्याच्या दृष्टीने ही पाऊण मिनिटं फार मोलाची. मुद्रण करणाऱ्याने स्क्रू सैल केला असेल, हे मानणं मला जास्त स्वाभाविक वाटतं.

आता याचा सुरावर होणारा परिणाम पाहा. १२० वर कोरलेला सिलिंडर १६० वर वाजवला तर गुणोत्तर होतं चारास तीन, म्हणजे नेमका षड्ज-मध्यम. गायकाचा सा आपल्याला त्याच्या शुद्ध मध्यमावर ऐकू येतो. काळी दोनमध्ये (पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर सा धरून) गाणारा माणूस काळी चारमध्ये गातोय असं वाटतं, आणि लयही एक तृतीयांशाने वाढते. १४४ चा सिलिंडर १६० वर वाजवला तर फरक जवळजवळ एका पूर्ण स्वराचा. काळी तीनचा गायक काळी चारच्या आसपास जातो. नऊ-दहा फेऱ्यांचीच चूक झाली, तरी अर्धा स्वर सरकतो.

श्रवणसभांत यावर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पुरावा नसेल तर १६० वरच वाजवा, म्हणजे निदान सगळीकडे एकच मोजमाप राहील. दुसरा म्हणतो, गायकाची माहीत असलेली पट्टी धरा आणि त्यावर वेग जुळवा. पहिल्या पक्षाची शिस्त समजते, पण कारखान्याचा नियम घरगुती मुद्रणाला लावणं ही शिस्त नव्हे. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं ऐकायला संगीताच्या जवळचं आहे. मात्र पट्टी माहीत असते ती बहुतेक वेळा त्याच गायकाच्या पुढच्या तबकड्यांवरून. सुरुवातीच्या तबकड्याही सगळ्या ७८ वर कोरलेल्या नाहीत. सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत वेग आढळतात. अशा तबकडीवरून सिलिंडरचा वेग ठरवायचा म्हणजे एका अंदाजावर दुसरा अंदाज रचायचा.

पेटी हा तिसरा आधार पुढे केला जातो. साथीला पेटी असली की तिचे सूर पक्के, मग वेग काढणं सोपं, असं हे म्हणणं. पण पेटी कोणत्या सुरात लावलेली होती? फ्रेंच मापाचा ए हा पाश्चात्त्य स्वर सेकंदाला ४३५ कंपनांचा होता, इंग्लंडातल्या चढ्या मापाचा ४५२ च्या आसपास. यांतला फरक पाव स्वरापेक्षा जास्त आहे. पॅरिसच्या सुरांच्या (रीडांच्या) पेट्या आपले वादक आजही जिवापाड जपतात, आणि अशा दोन जुन्या पेट्या शेजारी ठेवून काळी चार दाबली तर त्या एकमेकींशी जुळतीलच असं कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. पेटीमुळे उत्तर एका पट्ट्यात येतं, बिंदूवर येत नाही. तंबोऱ्याचा तर प्रश्नच नाही, कारण कर्णा जवळचा आणि मोठा आवाज तेवढा घेतो, तंबोरा त्यात बुडून जातो.

उरतो माणसाचा कंठ. वेग वाढला की सुराबरोबर स्वरवर्णांचा आकारही बदलतो. मोठ्या माणसाचा ‘आ’ लहान मुलासारखा पातळ होतो, बोलून केलेली घोषणा घाईची वाटते, तानेतले दाणे एकमेकांवर चढतात. मध्यमाइतकी चूक असेल तर कान ती ओळखतो. एका स्वराची चूक मात्र कसलेल्या कानालाही निर्विवाद सांगता येत नाही, आणि इथेच आठवणी आणि आख्यायिका आत शिरतात. जुन्या गायक नटांच्या उंच, धारदार आवाजाच्या कथा आपण सगळे ऐकत वाढलो. त्यामुळे सिलिंडर वेगात वाजला आणि आवाज चढा, चमकदार आला की सभागृह खूश होतं. तोच हळू वाजवला की आवाज भरदार पण साधा वाटतो, आणि "हे ते नव्हेत" अशी कुजबुज होते. तबकड्या येण्याआधीच गेलेल्या गायकांबाबत हा धोका सर्वांत मोठा आहे, कारण ताडून पाहायला दुसरं मुद्रणच नाही. नाव पटावं म्हणून वेग ठरवला जातो आणि मग त्याच वेगाच्या जोरावर नाव पक्कं केलं जातं. हे थांबलंच पाहिजे.

आणखी एक बारकावा चर्चेत फारसा येत नाही. मुद्रण चालू असताना यंत्राची चावी उतरत गेली तर सिलिंडर शेवटाकडे हळू फिरतो. तो आज एकसारख्या वेगाने वाजवला की शेवटी सूर हळूहळू चढलेला ऐकू येतो. गायक सुरातून सुटला, असा शेरा मारण्याआधी हे पाहायला हवं. अशा सिलिंडरला एकच वेग नसतोच.

सिलिंडर मुळात इतके थोडे का उरले? त्याची कारणं पुण्यात राहणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाहीत. हे मेण मधमाशीचं नव्हे. धातूच्या क्षारांपासून केलेला तो एक प्रकारचा कडक साबण आहे आणि बुरशीला तो मानवतो. चार महिन्यांचा पावसाळा, माळ्यावरचं बंद कपाट, आतून कापूस लावलेली पुठ्ठ्याची डबी: बुरशीला याहून चांगली जागा मिळणार नाही. बुरशीने खाल्लेली खाच कोणत्याही उपायाने परत येत नाही. मग १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर. नदीकाठच्या पेठांतून घरंच्या घरं गेली. त्या घरांत ऐकण्याच्या काय काय वस्तू होत्या याची मोजदाद करण्याचे ते दिवसच नव्हते. पुढे वाडे पाडून इमारती उठल्या तेव्हा माळे रिकामे झाले आणि माल जुन्या बाजारात गेला. तिथे पितळी कर्ण्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं. मेणाच्या डब्या यंत्राबरोबर फुकट जातात, नाहीतर फुटतात.

आपल्या संगीताचे कितीतरी सिलिंडर मात्र परदेशात सुरक्षित राहिले. १९१०-११ मध्ये एका इंग्रज संगीत अभ्यासकाने हिंदुस्थानभर फिरून मुद्रणं केली. १९३० च्या दशकात एका डच विद्वानाने, तबकड्यांचं राज्य असतानाही, सिलिंडरच वापरले, कारण खेड्यात नेऊन तिथल्या तिथे मुद्रण करायला ते सोयीचे होते. १९८२ मध्ये पुण्यातच एक संगीत अभिलेखागार सुरू झालं. परदेशी संग्रहांतल्या भारतीय मुद्रणांच्या प्रती मायदेशी आणणं हा त्याच्या कामाचा एक मुख्य भाग होता. काही वर्षांतच ते दिल्लीकडे हललं. ते इथेच राहिलं असतं तर या शहरातल्या घरांमधले सिलिंडर वेळेत तपासले गेले असते, असं मला मनापासून वाटतं.

२००० च्या आसपास चित्र पालटू लागलं. विजेवर चालणारी, हलक्या सुईची, वेग हवा तसा ठेवता येणारी यंत्रं तयार झाली. अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञांनी सुई न टेकवता खाचेची प्रकाशचित्रं घेऊन आवाज काढण्याची पद्धत बसवली. तडकलेल्या सिलिंडरला तिचा मोठा आधार आहे. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाने २००५ पासून हजारो सिलिंडर इंटरनेटवर मोफत ऐकायला ठेवले. पुण्यातला रसिक घरबसल्या ते ऐकू लागला आणि "आपलं कुठे आहे?" हा प्रश्न त्यानंतर जोरात विचारला जाऊ लागला.

त्याबरोबरच मूळ सिलिंडर मूळ यंत्रावर, सभेत सर्वांसमोर वाजवण्याची हौसही वाढली. तपकिरी मेणाच्या बाबतीत तिला माझा स्पष्ट विरोध आहे. जुन्या ध्वनिपेटीचं (सुई आणि पडदा असलेल्या भागाचं) वजन प्रत्येक वेळी खाचेतून थोडं मेण नेतं. चार मिनिटांच्या बारीक खाचेवर चुकून दोन मिनिटांची सुई टेकली तर एका फेरीतच नुकसान होतं. नुसतं हाताळणंही जोखमीचं आहे: सिलिंडर बाहेरून कधीच धरायचा नाही, आत दोन बोटं घालून ती फाकवून उचलायचा. थंड मेणाला हाताची ऊब अचानक लागली तरी ते तडकू शकतं. निळ्या सेल्युलॉइडच्या सिलिंडरचा प्लास्टरचा गाभा दमट हवेत फुगतो आणि मग तो यंत्रावर पूर्ण सरकत नाही. तिथे जोर लावला की संपलं. प्रात्यक्षिक दाखवायचंच असेल तर साच्यातून निघालेले, अनेक प्रती असलेले अमेरिकी बँडचे निळे सिलिंडर आहेत. त्यांवर कर्ण्याचा आवाज कसा असतो ते दाखवता येतं.

वेगाबाबत जाणकारांत सध्या मान्य होत चाललेली रीत अशी: सिलिंडर एकदाच, आवाजावर कोणतीही सफाई न करता, ज्ञात वेगाने उतरवून ठेवायचा आणि तो आकडा नोंदवायचा. वेग बदलण्याचे सगळे प्रयोग नंतर त्या प्रतीवर करायचे, म्हणजे मेणाला पुन्हा हात लागत नाही. सभेत ऐकवताना निवेदकाने कोणता वेग घेतला आणि कशाच्या आधारावर घेतला हे सांगायचं. आधार दुबळा असेल तर तेच गाणं दोन वेगांनी लागोपाठ ऐकवायचं. हे करायला तीन मिनिटं जास्त लागतात. तरीही कार्यक्रमपत्रिकेवर गायकाचं नाव ठळक छापतात, राग छापतात, सालसुद्धा छापतात, आणि फेऱ्यांचा आकडा तेवढा राहून जातो.